खांबावरचा मी

नाही, हसा ना, हसा, मी कुठे अडवलंय! आमची अख्खी गल्ली हसली, भाजीवाला हसला, ज्याचं स्वतःचं दुकान चिखलात बुडालं होतं तो केस कापणारा हातातली बादली खाली ठेवून हसला, मग तुम्हीच का तोंड दाबून बसायचं? पण मला एक सांगा, यात माझं नेमकं चुकलं काय?... म्हणजे चुकलं. चुकलंच. लाज वाटते हो, खरंच लाज वाटते. हल्ली घरातून निघताना मी आधी पडदा सारून बघतो रस्त्यावर कोण आहे, आणि मग मागच्या बोळानं सटकतो.

तुम्हाला सांगतो, माझा धंदा आवाजाचा. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणणारा जो गृहस्थ असतो ना, तो मी. फोनवर 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा', तोही मीच. लोक फोन आपटताना ज्या शिव्या घालतात त्या सगळ्या माझ्या नावावर जमा, पण मी कधी मनाला लावून घेतलं नाही, धंदा म्हटलं की चालायचंच. तर आमची वस्ती अशी, की वरच्या अंगाला धरण, पाठीमागे नदी आणि मध्ये आम्ही. म्हणून पालिकेनं चौकाचौकात खांब रोवले, खांबांवर भोंगे बसवले, आणि पूर आला तर काय करायचं ते सांगायला आवाज घेतला कुणाचा? अहो, त्यांचे साहेब डोळे मिटून बोलतात, एकेक शब्द चघळत... "आम्हाला... असा आवाज... हवाय... की गळ्यापर्यंत पाणी आलं... तरी माणसाला वाटलं पाहिजे... होईल सगळं नीट." मी म्हटलं, साहेब, हा काय, आत्ता देतो!

दिला की! काचेच्या खोलीत बसून अख्खी दुपार दिला. पूर, पाणी, पिशवी, सगळा कारभार 'प'चा, आणि 'प' म्हटलं की माईकमध्ये हवा फुटते, मग काचेपलीकडून तो यंत्रवाला ओरडतो, "सर, पिशवी जरा हळू!" पुन्हा पिशवी. "सर, अजून हळू!" शेवटी अशी काही पिशवी म्हटली, की ऐकणाऱ्याला झोप यावी. 'नागरिकहो, घाबरून जाऊ नका. औषधं, कागदपत्रं, टॉर्च आणि पिण्याचं पाणी यांची पिशवी दाराशी भरून ठेवा. वाहनं बाहेर काढू नका. वृद्धांना आधी हलवा.' वा! आणि हे सांगतोय कोण? मी!

आणि घरी? घरी पिशवीचा पत्ता नाही! बायको बिचारी विचारायची, "अहो, ती पिशवी भरायची का आपली?" मी म्हणायचो, "अगं, ते लोकांसाठी आहे." असं म्हणालो हो मी, याच तोंडानं! आचारी कधी आपल्या हातचं चवीनं जेवतो का, तसंच ते. आईचं वेगळंच. "टॉर्च कुठाय रे?" मोबाईलमध्ये असतो, आई. "मोबाईल कुठाय?" चार्जिंगला लावलाय. "आणि वीज गेली म्हणजे?" मी चिडलो. म्हटलं, "आई, मी या विषयातला माणूस आहे!" ती उठून आत गेली. मला वाटलं, पटलं तिला.

मग तो दिवस उजाडला. पावसानं आधीच सगळ्यांना घरात कोंडून घातलेलं, मी आपला सकाळी दाढी करतोय, एक गाल झालाय, एकावर फेस, आणि भोंगा वाजला. मग आवाज. 'नागरिकहो... पिशवी दाराशी...' आता खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'प' छान आलाय! तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी सोडलंय!"

आणि मग मी जो बोंबललो! पळाऽऽ! कागद! कागद कुठायत? गॅस! अगं गॅस! माझा चष्मा! चष्मा डोळ्यावरच होता. या कपाटातून त्या कपाटात, एक मोजा हातात, वस्तरा दुसऱ्या हातात, आणि बाहेर खांबावर तो शहाणा, शांत, ठाय लयीत, 'घाबरून... जाऊ... नका...' आई खिडकीला कान लावून बसलेली, मला हातानं शूऽऽ करतेय, आणि बायको, जी लग्नापासून माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नाही, ती खेकसली, "अहो, तुम्ही जरा गप्प बसा, तुम्ही काय म्हणताय ते ऐकू द्या!"

दोघीजणी त्याचं ऐकत होत्या, आणि अगदी त्याच्या शब्दाबरहुकूम, बायकोनं उशीचा अभ्रा ओढून काढला, त्यात आईच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, कागदांची फाईल... सगळं गोळा! मला वाटलं, आपणही काहीतरी केलं पाहिजे ना, पुरुषासारखा पुरुष घरात! आईचे गुडघे कामातून गेलेले, एक पायरी उतरायची तर भिंत धरावी लागते तिला. म्हणून मी गर्जना केली, "मी गाडी काढतो!" आणि धावलो.

आमची गल्ली म्हणजे काय, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी लागते. तिथे मी घाईघाईनं गाडी वळवायला गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी आडवी घातली. पुढचं चाक गटारात, मागचं ओट्याला टेकलेलं. ना पुढे, ना मागे! आणि मागून सगळी गल्ली पायी चालत येतेय, शिस्तीत, हातात पिशव्या, माझ्याच सांगण्यावरून भरलेल्या, आणि सगळे येऊन माझ्या गाडीशी थांबले. घोटाभर पाणी आलेलं. मी काय करतोय? हॉर्न वाजवतोय! आणि बरोब्बर माझ्या डोक्यावर खांब... 'वाहनं... बाहेर... काढू नका.' हे सांगतोय कोण? सांगा ना, कोण?

आमच्या गल्लीत शाळेतले कवायतीचे मास्तर राहतात. त्यांनी तिथल्या तिथे माझं बारसं केलं. "अहो खांबसाहेब! स्वतःचं तरी ऐका की जरा!"

आणि तेवढ्यात बाजूच्या काचेतून बघतो तर आई. प्लॅस्टिकच्या खुर्चीत. एका बाजूनं मास्तर, दुसऱ्या बाजूनं माझी बायको, आईच्या मांडीवर तो अभ्रा. रस्ता तर मी अडवलेला. मग त्यांनी ती खुर्ची उचलली, पलीकडच्या दोघांनी हात पुढे केले, आणि माझ्या आईला माझ्या गाडीच्या बॉनेटवरून पलीकडे दिलं. तिचा पाय माझ्या समोरच्या काचेला घासून गेला. मी आत. सीटबेल्ट लावून. अर्ध्या तोंडाला फेस. तिनं वाकून काचेवर बोट वाजवलं. "चल, बाहेर ये. गाडी राहू दे." तुम्हाला सांगतो, रागावली असती ना, तर बरं झालं असतं. शाळेत पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी सोडताना बोलली होती, तशी बोलली हो. मला काच खाली करायचीसुद्धा लाज वाटली.

टेकडीवरच्या शाळेत पोचलो सगळे. गाडी गेली वाहून, ते सोडा. हॉलमध्ये हा गोंधळ, पोरं रडतायत, मोठी माणसं एकमेकांवर ओरडतायत, आणि साहेबांनी नेमकं मला गाठलं. "अरे... वा... घ्या माईक. तुमचा आवाज ऐकला... की लोक... शांत होतात." मी माईक घेतला. सवयीचं काम, काय अवघड त्यात? 'नागरिकहो, घा...' पुढे शब्दच फुटेना. "घा... घा..." हॉल मात्र शांत झाला खरा, सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले!

आई म्हणाली, "आण तो इकडे." आणि खुर्चीतूनच बोलायला लागली. "हे बघा, मी पण घाबरलेय. माझ्या मुलाचं तर बघताच आहात. रडायचं असेल त्यांनी रडून घ्या, मग पाणी प्या. आणि ज्याला आपल्या शेजारचं माणूस इथे दिसत नसेल, त्यानं हात वर करा." बस्स, एवढंच. एक हात वर आला. गल्लीच्या टोकाची शिवणवाली मावशी! कानांनी ठार बहिरी, एकटी राहते, भोंगा कसा ऐकणार? लगेच होडी गेली. मावशी शिवणाच्या टेबलावर चढून बसलेली सापडली, पाणी टेबलाला लागलेलं. आणली सुखरूप. आणि मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात माझी सगळी सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितली. शेजाऱ्याकडे बघा, हे वाक्य तिच्यात नव्हतंच. मला सुचलंही नव्हतं. पिशवी हळू म्हणण्यात दुपार गेली माझी.

पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, आणि साहेब घरी आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झालो. साहेबांनी डोळे मिटले. "नवीन... रेकॉर्डिंग... करायचंय. आई... आहेत का?"

आईला त्या काचेच्या खोलीत मीच नेऊन बसवलं. कागद वाचायला दिला तर म्हणाली, "असं कोण बोलतं घरात?" आणि कागद ठेवला बाजूला. काल पहिली चाचणी होती. मी नेमका चौकात, भाजी घेत उभा, चारी बाजूंना गर्दी, आणि एकदम सगळे भोंगे बोलायला लागले, "अरे बाळा, ऊठ! पिशवी भरली नसशीलच, माहितेय मला. चपला घाल, शेजारच्या म्हातारीचं दार वाजव आणि चल. आणि गाडीला हात लावशील तर याद राख!"

वर खांबाकडे एकानंही बघितलं नाही हो. अख्खा चौक वळला तो माझ्याकडे. आता मी तरी काय करणार... भाजीची पिशवी खाली ठेवली, मान खाली घातली आणि म्हटलं, "हो, आई."