देवभाताची जुडी

सोनूबाई : पिशवीत काय हाय ते आधी दाखव. पानी मग देईन.

भाविका : दाखवते ना. पण आधी नाव तरी ऐकून घ्या. मी भाविका. आमचं घर थळच्या अलीकडे. अलिबागला मेडिकलच्या दुकानात कामाला असते.

सोनूबाई : नाव काय, कुनीबी सांगतं. गेल्या साली एक जन असाच आला व्हता. मावशी, तुमच्या तळ्यातला देवभात लय भारी, जरा फोटो काढतो म्हनाला. मी त्याला ओटीवर बसवला, चा पाजला. आन उन्हाळ्यात तळ्यावर जेसीबी.

हिरामण : आई, त्याचा आन जेसीबीचा काय संबंध? तळं गावानंच साफ करून घेतलं.

सोनूबाई : तू नारळ सोल, हिरामण. पोटचा पोर असून नेमी दुसऱ्याच्या बाजूनं बोलतो.

भाविका : आजी, मी देवभाताचंच विचारायला आले होते.

सोनूबाई : बघ. मी काय म्हनत व्हते? बी पायजे ना तुला? हाय माझ्याकडं, मडकं भरून हाय. पन देनार न्हाय.

भाविका : बी नको मला. जुडी बांधायचं विचारायचंय.

सोनूबाई : हिला जुडी बी ठावकी. औषधं इकनाऱ्या पोरीला कोनी सांगितलं गं? आमच्या गावातल्या सुनांना ठाव न्हाय. त्यांना वाटतं, ऋषीच्या पंचमीला नांगराखालचं खायचं नसतं, तर बाजारातनं पुडी आनायची न् झालं.

भाविका : माझ्या आजीनं सांगितलं. देवभात कोणी पेरत नाही, आपला आपण तळ्यात येतो. पिकला की दाणा पाण्यात झडून जातो, म्हणून दूध भरलं की कणसं केळीच्या खोडाच्या सोपटानं बांधून ठेवायची. प्रत्येक घराची गाठ वेगळी. ज्याची गाठ, त्याचा भात.

सोनूबाई : आनि?

भाविका : आणि अर्ध्याच भाताच्या जुड्या बांधायच्या. बाकीचा झडू द्यायचा, पुढच्या सालासाठी.

सोनूबाई : घोकून आलीय. नीट घोकून आलीय. कोन तुझी आजी?

भाविका : सांगते. आधी हा फोटो बघा.

सोनूबाई : पुन्ना फोटो. हिरामण, तू बघ. माझ्याकडं चष्मा न्हाय.

हिरामण : देवभातच हाय की गं. लाल कुसळ. आन... आई, ही गाठ तुझी हाय.

सोनूबाई : आन इकडं. (मोबाइल डोळ्यांजवळ धरते.) डाव्या हाताची, उलटा पीळ. ही माझी गाठ. ही सगळ्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुनाची न्हाय. कुठं हाय हे?

भाविका : आमच्या शेतात. बांधाखालच्या डबक्यात.

सोनूबाई : माझा भात, माझी गाठ, आन तुमच्या डबक्यात? तळं उपसायच्या आधी येऊन उपटून नेलंत ना? हिरामण, कडी लाव दाराची.

भाविका : लावा कडी. मी कुठे पळतेय? चोर कधी फोटो घेऊन दारात येतो का, आजी?

सोनूबाई : हल्लीचे येतात.

भाविका : तुमच्या तळ्यातला गाळ डंपरनं गेला, कुठे गेला ते कोणी विचारलं? आमच्या बांधाला भगदाड पडलं होतं, म्हणून बाबांनी दोन डंपर उतरवून घेतले. पाऊस लागला आणि बांधाखाली पाणी साठलं तिथे हे उगवलं. बाबा म्हणाले, गवत आहे, उपटून टाका.

हिरामण : दोन डंपर थळच्या अंगाला गेले व्हते, ते खरं हाय, आई. मीच रस्ता दाखवला.

सोनूबाई : आन हे मला आत्ता सांगतोस?

हिरामण : गाळाचं काय सांगायचं?

भाविका : आजीनं उपटू दिलं नाही. काठी टेकत बांधावर गेली, कुसळं हातात घेतली आणि तिथेच चिखलात बसली. म्हणाली, हे आपलं नाही. हे सोनूच्या तळ्यातलं आहे.

सोनूबाई : मला सोनू म्हननारी...

भाविका : केसर. तुमच्या शेजारी राहायची, मग गाव सोडून थळकडे आली.

सोनूबाई : ती हाय अजून?

भाविका : आहे. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत.

सोनूबाई : मग माझी गाठ कशाला मारली तिनं? चाळीस वर्सांनी मला खिजवायला?

भाविका : मीही हेच विचारलं. म्हणाली, एक जुडी सोनूच्या गाठीनं बांधून ठेवते, म्हणजे हात कोणी लावणार नाही. बाकीचं तिला विचारल्याशिवाय नाही. तू जा आणि विचार. पण लवकर जा, आठ दिवसांत दाणा झडेल. आणि ही पिशवी तिनंच दिली.

सोनूबाई : दाव.

भाविका : केळीची सोपटं. आमच्या परसातली. तिनं स्वतः सोलली, तुम्हाला बांधायला.

हिरामण : आई, आपल्याकडं बी हाय, तर तिकडचा त्यांनाच बांधू दे. मडकं भरलेलं हाय म्हनतेस ना?

सोनूबाई : मडकं रिकामं हाय.

हिरामण : रोज तर पुसतेस.

सोनूबाई : रिकामं हाय म्हनून पुसते. यंदाच्या पंचमीला शेवटचा मूठभर शिजवला. बी म्हनून ठेवून टाकनार कुठं? तळ्याला सिमेंटचा काठ झाला. आन तळं साफ करायच्या कागदावर पयली सही माझीच. मला वाटलं, जलपर्नी काढतील आन जातील. मीच संपवला रं माझा भात.

भाविका : संपला नाही, आजी. कमरेएवढा उभा आहे.

सोनूबाई : पोरी, एक निरोप देशील तुझ्या आजीला? मोठ्यानं सांग, तिला ऐकू जाईल असा. म्हनावं, त्या साली तुझी गाठ सोनूनंच सोडली. माझ्या जुड्या उंदरांनी खाल्ल्या व्हत्या. तुझा भात काढून घेतला, आन तू आरडाओरडा करायच्या आधी मीच भर पानवठ्यावर तुला चोर म्हनलं. त्यापायीच तू गाव सोडून गेलीस.

भाविका : तिला माहीत आहे.

सोनूबाई : कवापास्नं?

भाविका : तेव्हापासून. सोडलेलं सोपट तिला मिळालं होतं, तुमच्या परसात.

सोनूबाई : मग बोलली का न्हाय? चार बायांपुढं टाकायचं माझ्या तोंडावर.

भाविका : ते पण विचारलं मी. म्हणाली, सोनूच्या घरात सासू होती. पंचमीला पानात भात दिसला नसता, तर तिला त्या घरात ठेवली नसती.

हिरामण : आई, बस जरा. थळकडं जायला रिक्षा बोलावतो मी. मी पन येतो, कापायला कोनी लागंल.

सोनूबाई : नारळाचा तो कोयता इथंच ठेव. देवभाताला लोखंड लावायचं न्हाय.