राजाचं गाणं

"हॅलो?… हो गं, मीच. बोल."

किहीमच्या घरी ओटीवर बसून अनुसूयाबाई सुपाऱ्या सोलत होत्या. माधवरावांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. तेरावं उरकून आश्लेषा पुण्याला परतली, तेव्हापासून रोज दुपारी लेकीचा फोन येई आणि अनुसूयाबाई रोज तीच उत्तरं देत.

"जेवले… आमटीभात… हो, हो, गोळी घेतली… अंबाजी येऊन नारळ पाडून गेला… नाही, रडले नाही. येत नाही रडू, त्याला मी काय करू?… कसला सिनेमा?… कार्टूनचा?… थांब, वाचनालय बंद झालं की पुस्तकातली माणसं पानांतून उतरून गायला लागतात, तोच ना?… मिळाला? कुठे?"

मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर साठ वर्षांपूर्वीचं ते रीळ सापडलं होतं. रविवारी बोर्ली पंचतनच्या शाळेत सिनेमा दाखवणार होते, कारण त्यातल्या ढेरपोट्या राजाचं गाणं म्हणणारे हिरामण तिथलेच. वय ब्याऐंशी. तरुणपणी ते आणि माधवराव मुंबईत एका खोलीत राहायचे. रविवारी त्यांचा सत्कार होता. आश्लेषाला कुणीतरी ते गाणं पाठवलं होतं.

"लाव. ऐकते."

पेटी वाजली, झांजा वाजल्या. आपल्या गोष्टीचं शेवटचं पान उंदरांनी खाल्लं, आता लग्न कुणाशी लावू, अशी राजाची तक्रार होती. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं अनुसूयाबाईंनी ते ऐकलं.

"हं… बाबांचा आवाज? नाही गं, मला नाही ओळखू येत. मी ह्यांना पाहिलं तेव्हा हे एकतिसाचे होते. हा कोणी पोरगाच गातोय… अगं ऐक ना. तुला वाटतंय ते खरं आहे. ह्यांनीच म्हटलंय ते."

मग त्यांनी सांगितलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हिरामणांचा घसा बसला होता. मित्राचं काम जाऊ नये म्हणून माधवराव त्यांच्या जागी गाऊन आले. सिनेमाच्या नामावलीच्या पाटीवर हिरामणांचं नाव आधीच रंगवून झालेलं, ते तसंच राहिलं. लग्नानंतर एकदा त्यांनी हे बायकोला सांगितलं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

"नाही, आश्लेषा. शाळेत कुणाला काही कळवायचं नाही… अगं, तिथली पोरं हिरामणभाऊजींना राजाआजोबा म्हणून हाक मारतात. बाबा दर वर्षी जायचे, समोर बसून त्यांच्याकडून ते गाणं म्हणवून घ्यायचे. शेवटी टाळ्याही वाजवायचे… खोटं? असेल. पण ते हिरामणभाऊजींनी सांगायचं, आपण नाही. आपणहून बोलले तर बोलू देत… हो, येईन मी रविवारी. त्यांच्या शेजारी बसेन."

पलीकडे लेक रडत होती. अनुसूयाबाईंनी पुढची सुपारी उचलली.

"रडू नकोस गं… मी? मला काहीच होत नाही. दूध उतू जाताना दिसतं, पण उठावंसं वाटत नाही, एवढंच… अजून आहे गाणं? बरं, लाव."

राजाने शेवटी स्वतःच आपल्या गोष्टीचा शेवट रचला, स्वतःचंच लग्न लावलं आणि तो हसला. ते हसू कुणी लिहून दिलेलं नसावं. आधी नाकातून फुर्र, मग श्वास अडकल्यासारखा, मग एकामागून एक तीन ठसके. बावन्न वर्षं हे हसू त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. माधवरावांना कुणी काही गमतीचं सांगितलं, की ओटीवरून अगदी असंच ऐकू यायचं.

सुपारी हातातून निसटून पायऱ्यांवरून खाली गेली.

"हॅलो?… हो, ऐकलं… नाही, परत नको लावू… आश्लेषा, ठेवते. ठेवते गं मी."

पण फोन बंद करायचं लाल बटण त्यांना दिसेचना. दोनदा पदराने डोळे पुसले, तेव्हा कुठे सापडलं.