क्षेत्राबाहेर

(काशी. मंगला गौरीजवळचं घर, सकाळ. यात्रेकरूंची धर्मकृत्यं करणारे दत्तात्रेय उपाध्ये खाटेवर उशीला टेकून बसलेले. जवळ बायको शरदिनी आणि आयुर्वेद शिकणारी मुलगी ऋता.)

शरदिनी : पायरीवरून घसरलात म्हणता, मग धोतरात ही वाळू कुठली? पंचगंगा घाटावर तर सगळा दगड.

दत्तात्रेय : लागली असेल कुठेतरी. मला श्वास तर घेऊ दे.

ऋता : आई, थांब ना जरा. शेजारचे वेणीमाधवकाका डॉक्टरांना आणायला गेलेत. बाबा, हात द्या इकडे. छातीत अजून दुखतंय?

दत्तात्रेय : आता नाही. मघाशी आवळल्यासारखं झालं.

शरदिनी : मघाशी म्हणजे कुठे? घाटावर, की नदीच्या त्या पार?

दत्तात्रेय : कुणी सांगितलं तुला?

शरदिनी : ज्या नाववाल्या मल्लाहानं धरून दारापर्यंत आणलं, त्यानं. म्हणाला, "माई, पंडितजी उस पार रेती पर लेट गए थे. रोज तो ठीक रहते हैं." रोज! सगळी गल्ली बघत होती. काय बोलू मी त्याला?

ऋता : त्या पार? प्राणायामाला तिकडे जाता तुम्ही?

दत्तात्रेय : मोकळ्या हवेत बसा, असं तूच म्हणालीस. इकडे मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर. तिकडे कसं स्वच्छ असतं.

ऋता : हां, ते तर ठीक आहे, पण एकटे...

शरदिनी : नाडी सोड त्यांची, ऋता. बोटं हुंग.

दत्तात्रेय : शरू!

शरदिनी : हुंग म्हणते ना.

ऋता : ...बाबा. विडी.

दत्तात्रेय : अगं, ऐक...

ऋता : नाही, तुम्ही ऐका. रोज उठून मी ओवा-बडीशेप भाजते. ज्येष्ठमधाच्या काड्या तोडून तुमच्या कुडत्याच्या खिशात भरते. तुम्हाला तल्लफ येऊ नये म्हणून घरात चहा बंद केला, आई बिचारी मुकाट काढा पिते. आणि मी कॉलेजात सांगत फिरले, माझ्या बाबांनी बिना दवाईची सोडली! मतलब मी सगळ्यांपुढे झूठ बोलले?

दत्तात्रेय : झूठ कसं? इथे मी खरंच नाही ओढली.

शरदिनी : इथे.

दत्तात्रेय : हो, इथे. घरात नाही, गल्लीत नाही, घाटावर नाही.

ऋता : ये क्या बात हुई? इथे म्हणजे?

शरदिनी : मला कळलं. आत्ता कळलं, बघ. देवापुढे पाणी सोडताना काय म्हणाले हे? 'या काशीक्षेत्रात मी धूम्रपान करणार नाही.' मी हाताला हात लावून शेजारी बसले होते. मला वाटलं, संकल्पात क्षेत्राचं नाव घ्यायची रीतच आहे. आणि हे रोज नावेत बसून क्षेत्राबाहेर जातात!

दत्तात्रेय : गंगेच्या त्या तीरावर काशी नाही. हे मी नाही ठरवलेलं.

शरदिनी : शास्त्र मला शिकवू नका. काशीला आलो, काहीतरी सोडायचं, म्हणून यात्रेकरू दोडका सोडतो म्हणतात, तेव्हा त्यांना कसं झापता? "आवडत नाही तेच सोडून देवाला फसवता काय?" स्वयंपाकघरात ऐकू येतं मला सगळं.

दत्तात्रेय : म्हणूनच तर, शरू. लोक घरी जाऊन संकल्प मोडतात, नि काही वर्षांनी येऊन माझ्यापुढे रडतात. मला मोडायचा नव्हता. निभेल तेवढाच केला.

ऋता : मग मला सांगायचं ना, जमत नाही म्हणून! रोज विचारत होते मी.

दत्तात्रेय : तू केवढ्या आशेनं विचारायचीस. 'जमतंय' म्हटलं की उड्या मारत जिना उतरायचीस. माझ्यानं सांगवलं नाही.

ऋता : म्हणजे माझ्यामुळे.

दत्तात्रेय : नाही गं बाळा.

शरदिनी : तिला रडवू नका, मला उत्तर द्या. तिथे वाळूवर काही झालं असतं तर? कुठून कुठून लोक मरायला काशीत येतात, आणि हे घर इथे असून मरायला नदी ओलांडतात! पलीकडे मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, हे जगाला सांगणारे तुम्हीच ना?

दत्तात्रेय : तो विचारच आला नाही.

शरदिनी : कसा येईल! विडीपुढे...

दत्तात्रेय : विडी केव्हाच हातातून पडली होती. ऐकून तरी घे. आडवा झालो, तर समोर नदी आणि नदीपलीकडे आपला घाट. सगळा दिसत होता. वाटलं, तू माझी वाट बघत असशील आणि मी कितीही हाका मारल्या तरी तुला ऐकू जाणार नाहीत. मोक्ष आठवला नाही, गाढव आठवलं नाही. घाबरलो मी, शरू. फार घाबरलो.

ऋता : बाबा, पाणी घ्या. हळूहळू.

शरदिनी : ऋता, देवातली गंगेची लोटी आण. या वेळी मी सांगते, तुम्ही म्हणा. क्षेत्राचं नाव घ्यायचं नाही.

दत्तात्रेय : नको.

शरदिनी : नको?

दत्तात्रेय : खोटं होईल. आत्ता हातावर पाणी घेऊन 'कुठेच नाही, कधीच नाही' म्हणेन, आणि संध्याकाळी नवी पळवाट शोधेन. मी कसा आहे ते मला माहीत आहे.

ऋता : तर मग काय, ओढतच राहणार?

दत्तात्रेय : नाही. सोडायचीय मला. पण जमत नाही, ऋता. ओव्यानं नाही, ज्येष्ठमधानं नाही, दीर्घ श्वासानं थोडंसं. मंत्राची पुढची ओळ सुचत नाही. यजमान समोर बसलेला असतो आणि माझ्या डोक्यात फक्त विडी.

ऋता : हे आधी सांगितलं असतंत तर मी सगळं एकदम बंद नसतं करवलं. थोडं थोडं उतरवलं असतं. और भी तरीके हैं, बाबा.

शरदिनी : जिन्यात पावलं वाजतायत. डॉक्टर असतील. तू पुढे हो, आणि त्यांना सगळं सांग. विडीचंही सांग. आता लाज नको.

ऋता : जाते.

शरदिनी : आता आपण दोघंच आहोत. खरं सांगा. या क्षणी ओढावीशी वाटतेय?

दत्तात्रेय : हो.

शरदिनी : मरता मरता परत आलात, तरी?

दत्तात्रेय : तरी.

शरदिनी : बरं. पुन्हा अशी तल्लफ आली की नावेत बसायचं नाही. मला सांगायचं. पहाटे असो, मी रागावलेली असो, मला सांगायचं.

दत्तात्रेय : सांगून काय होणार? तू काय करशील?

शरदिनी : काही नाही. ती जाईपर्यंत जवळ बसेन.