आण्णांनी पग चालवून बघितला

आण्णांसाठी कुत्रं बघायला गेलतो, तवापासून माझं डोकंच चालंना.

आण्णा म्हणजे आमचे वडील, आई गेल्यापासून दिवसभर घरात एकटेच. वय शहात्तर, गुडघे दुखतेत म्हणून कोपऱ्यावरच्या किराण्यालाबी मलाच पाठवतेत. म्हणून फिरवायची गरज न्हाई असं कुत्रं पाहिजे होतं. बीडला गॅरेजवाले पाशाभाई कुत्री पाळून विकतेत. आण्णांना घेऊन निघायच्या आधी मी पाशाभाईंना फोनवर आण्णांच्या गुडघ्यांचं सांगितलं होतं. त्यांनी एक मोठा झालेला पग दाखवला. म्हणले, "दिवसभर असाच बसून राहतो."

मला लगेच पसंत पडला. आण्णांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले अन् म्हणले, "बसलेलं जनावर कोण घेतं? चालवून दाखवा."

जन्मभर बैलबाजार केलेला माणूस. मी म्हणलं, "आण्णा, बसतंय म्हणूनच घ्यायचंय."

ऐकतेत कुठं? स्वतःच पट्टा धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले अन् परत आले. मागच्या पायाची चाल नीट दिसली न्हाई म्हणून दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला पग रस्त्यातच बसला. आण्णा तिथून ओरडले, "बघ, पायात खोट हाय."

पाशाभाईंनी मला बाजूला घेतलं अन् हळूच विचारलं, "भाई, ते गुडघे दुखणारे बाबा अजून यायचेत का?"