कामाला फिट

पिंपरीतल्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या दाराबाहेर रश्मी सासूबाईंच्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एकाच कारखान्यातले दोन कामगार बोलत होते. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती.

“रोहिदासभाऊ, विम्याचा साहेब घरी आला होता म्हणे?”

“आला व्हता. भला माणूस. चहा घेतला आन् म्हणाला, शर्टाचं बटण लावून दाखवा.”

“मग?”

“लावलं की! प्रेसमध्ये बोटं गेल्यापास्नं त्येच तर शिकत व्हतो इथं.”

रश्मीची नजर नकळत त्याच्या शर्टाकडे गेली.

“साहेब काय म्हणाला?”

“शाबास म्हणाला. आन् कागदावर लिवलं, कामाला फिट. विम्याच्या पैशातनं इथली ट्रीटमेंट आज शेवटची. सोमवारी हजर व्हायचं.”

“गेटवर बसवतील ना?”

“न्हाई. त्याच प्रेसवर.”

“अहो, पाना तरी धरता येतो का तुम्हाला?”

“सुटतो हातातनं.”

“मग बटणसुद्धा जमत नाही म्हणून सांगायचं होतं!”

“कसं सांगू, भावा? चार महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच जमलं व्हतं.”