टेकडीवरचे खांब

बस टेकडीखाली आली, तशी तिची मान वळली. वर लष्कराने सोडून दिलेले अँटेनाचे खांब गंजत उभे होते. वडिलांची सगळी नोकरी तिथेच झाली, पण काम काय ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही. आणि गेल्या महिन्यात ते गेले. पुढच्या सीटवर, खांब कापायचं काम घेतलेला वेल्डर आणि त्याचा मेव्हणा बोलत होते.

“दाजी, इथून पार सीमेपर्यंत हुकूम सुटत असणार.”

“हुकूम तुझी ताई सोडते. इथून काही सुटत नव्हतं.”

“कशावरून?”

“पाठवायला जाड केबल लागते. इथे बोटाएवढी वायर. खांब गोल लावलेत, मधोमध खोली. कोण कुठून बोलतंय ते हुडकायचं, बस.”

“म्हणजे नुसतं ऐकायचं? दिवसभर?”

“रात्रपाळीलासुद्धा. कानाला हेडफोन लावून.”

“माझ्याने नसतं झालं बुवा.”

“तू घास गिळतानाही बोलतोस.”

मेव्हणा हसत मागे वळला. “ताई, तुम्ही इथल्याच ना? खरंय का हे?”

“माझे वडील होते तिथे.”

“मग घरी सांगत असतील की.”

“नाही. घरी आले की आधी रेडिओ बंद करायचे, मग आम्हाला गप्प बसवायचे. आम्हाला वाटायचं, आमच्यावर राग आहे.”