कडूबाच्या होडीला मोटार

...आणि वर म्हणतो कसा, "मागचं टोक कापून टाका!" आता तुम्हाला सांगतो, हा आमचा कडूबा, जायकवाडीच्या पाण्यात तीस वर्षं जाळं टाकणारा, खांद्यानं जवाब दिला म्हणून वल्हं सुटलं, म्हणून मोटार घ्यायला गारखेड्यात गेला, अन् दुकानदार मोटारीच्या आधी करवतीचं बोलतो! का, तर होडी दोन्ही टोकांनी निमुळती, मागं सपाट फळीच नाय, मग मोटार बसवायची कुठं? अहो, पण ती बापानं स्वतः जोडलेली होडी... कापायची?

मोटार तेवढी घेऊन आला. धाकटा भाऊ सांडू म्हणाला, "दादा, लई सोपं हाय. आडवं लोखंड टाक अन् बाजूला लटकव." लटकवली. होडी त्या अंगाला अशी कलली की काठावरच्या म्हशीसुद्धा बघत उभ्या राहिल्या! कुणी म्हणे, दुसरीकडं वाळूचं पोतं ठेव. ठेवलं, तर वळताना पोतं घसरलं अन् कडूबा छातीइतक्या पाण्यात! वरून सांडू ओरडतोय, "पोतं बांधायचं असतं, दादा!" अरं, मग आधी सांगायला काय झालं होतं? पुन्हा तेच... मोटार बसवायची कुठं?

संध्याकाळी कडूबानं खरंच करवत काढली. तेवढ्यात त्याची बायको, वच्छलाबाई, बाहेर आली. दोन वर्षांमागं वाऱ्यात होडी उलटली, तवापासनं ह्या बाईनं पाण्यात पाय घातला नव्हता. आधी दोघं जोडीनं जाळं ओढायची. मग कडूबा एकटाच. ती करवतीकडं बघत राहिली.

"ठेवा ती. बाजूलाच बसवा मोटार. दुसऱ्या अंगाला मी बसते."

"तुला भ्या वाटंल."

"वाटंल की. काठावर तुमची वाट बघताना कमी वाटतं व्हय?"

कडूबानं करवत परत आत नेऊन ठेवली.

सकाळी निघाले. तिनं होडीची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली, डोळे गच्च मिटलेले, तोंडात देवाचं नाव. मोटार सुरू झाली अन् होडी सरळ... अगदी दोरी धरल्यासारखी सरळ! मधोमध गेल्यावर तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. पाण्याकडं लई वेळ बघितलं. अन् म्हणाली, "जाळं इथं टाकता व्हय? म्हणून दोन वर्षं मासा नाय! पल्याड घ्या, पल्याड..."

अन् बाईचं सांगणं जे सुरू झालं, ते आजतागायत. मोटारीच्या आवाजात ऐकू आलं नाय म्हणावं, तर काय सांगू तुम्हाला, मेली मोटारही नेमकी हळू आवाजाची निघाली!